घड्याळाला लटकलेला माणूस आणि घरी पाठवलेली पत्रे : ‘सेफ्टी लास्ट!’ची ब्लू-रे आवृत्ती

हॅरॉल्ड लॉइड या अमेरिकी मूकपटांतल्या विनोदी नटाचे नाव ज्यांनी कधी ऐकलेले नाही, त्यांनीही त्याचे एक छायाचित्र बहुधा पाहिलेले असते. उंच इमारतीच्या भिंतीवर एक अवाढव्य घड्याळ आहे, त्याच्या काट्याला गोल चष्म्याचा, सुटाबुटातला एक तरुण लटकतो आहे आणि पार तळाशी रस्त्यावर मोटारी व ट्राम धावत आहेत. हे चित्र टी-शर्टांवर छापले गेले, दिवाणखान्यांतल्या तसबिरींत जाऊन बसले आणि वेळेच्या नियोजनावर व्याख्याने देणाऱ्यांनीही ते आपलेसे केले. ज्या चित्रपटातून ते आले, तो ‘सेफ्टी लास्ट!’ १९२३ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. क्रायटेरियन कलेक्शन या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने २०१३ मध्ये त्याची दुरुस्त केलेली प्रत ब्लू-रे आणि डीव्हीडी या दोन्ही स्वरूपांत बाजारात आणली. येथे विचार करायचा आहे तो त्यातील ब्लू-रे आवृत्तीचा, आणि तोही लातूरसारख्या गावात राहणाऱ्या, मूकपटांशी फारसा संबंध न आलेल्या प्रेक्षकाच्या अंगाने.

माझे मत आधीच सांगून टाकतो. त्या घड्याळाने लॉइडला विस्मृतीतून वाचवले हे खरे असले, तरी त्याच घड्याळाने त्याच्या चित्रपटाचा अधिक मोलाचा भाग झाकून टाकला. इमारतीवर चढण्याचा सगळा प्रसंग शेवटच्या वीसेक मिनिटांत येतो, आणि चित्रपट सव्वा तासाला थोडा कमी आहे. उरलेल्या वेळात लॉइड काय करतो, हे पाहिल्याखेरीज तो घड्याळापर्यंत पोहोचलाच का, याचा उलगडा होत नाही. या आवृत्तीचा खरा उपयोग तोच आहे. ती तो सबंध चित्रपट डोळ्यांना सुखावेल अशा स्पष्टतेने पुढे ठेवते आणि त्याच्या मागची कारागिरी उलगडून दाखवते.

कथानक आपल्याकडील कुणालाही परके वाटणार नाही. ग्रेट बेंड नावाच्या छोट्या गावातला एक मुलगा नशीब काढायला शहरात जातो. नाव कमावल्यावर लग्न करायचे, असे त्याने आपल्या प्रेयसीला सांगितलेले असते. शहरात त्याला एका मोठ्या बहुमजली दुकानात कापड विकणाऱ्या कारकुनाची नोकरी मिळते, आठवड्याचा पगार जेमतेम पंधरा डॉलर असतो आणि खोलीचे भाडे थकलेले असते. घरमालकीण भाडे मागायला आली की तो आणि त्याचा मित्र भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेल्या स्वतःच्याच कोटांत शिरून, पाय वर ओढून लटकत राहतात. आणि तरीही गावाकडे जाणाऱ्या प्रत्येक पत्रात तो आपली भरभराट कळवतो, वर दागिने पाठवतो. पुढे एक दिवस ती मुलगीच शहरात येऊन थेट दुकानात उभी राहते, आणि तेव्हापासून आपणच या दुकानाचे व्यवस्थापक आहोत हे सोंग त्याला वठवावे लागते.

मराठवाड्यातली किती घरे या कथेत आहेत, याची मोजदाद करण्याची गरज नाही. नांदेड, बीड, धाराशिवकडची मुले ‘लातूर पॅटर्न’चे नाव ऐकून आमच्या गावात येतात, आमच्या गावची मुले स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेत जातात, आणि दोन्हीकडून घरी जाणाऱ्या फोनवर ‘सगळं ठीक आहे’ हेच वाक्य असते. चॅप्लिनचा भटक्या समाजाच्या बाहेर उभा आहे आणि त्याला आत येण्याची फारशी घाई नाही. बस्टर कीटनला तर जगाशी काही देणेघेणेच नसल्यासारखे वाटते. लॉइडच्या चष्मेवाल्या तरुणाला मात्र आत शिरायचे आहे, पगार वाढवून हवा आहे, चार माणसांत दिसायला बरे दिसायचे आहे आणि आपली फजिती गावाकडे कळू नये याची धास्ती त्याला सतत आहे. विनोदाच्या तीन थोर मूकनटांपैकी हा सर्वांत मध्यमवर्गीय आहे, आणि म्हणूनच, माझ्या समजुतीने, आजच्या मराठी प्रेक्षकाला सर्वांत जवळचा आहे.

एक प्रसंग जरा बारकाईने सांगण्यासारखा आहे. पगाराच्या दिवशी लॉइड सराफाच्या खिडकीत एक साखळी पाहतो. आधी पाठवलेल्या पदकाला ती साजेल, असे त्याला वाटते. त्याच वेळी समोरच्या उपाहारगृहातले स्वस्त जेवणाचे ताट त्याच्या नजरेत भरलेले असते, कारण पोटात भूक आहे. तो सराफाच्या हातावर एकेक नाणे ठेवत जातो आणि दर नाण्यागणिक त्या ताटातला एकेक पदार्थ पडद्यावरून नाहीसा होतो, शेवटी ताट रिकामे होते. पडद्यावर एका अक्षराची मजकूर-पाटी न वापरता भूक, प्रेम, खोटेपणा आणि हिशेब या चारही गोष्टी काही सेकंदांत सांगून झालेल्या असतात. पुण्यात अभ्यासासाठी राहणारा माझा पुतण्या सुटीत घरी आला असताना हा चित्रपट आम्ही एकत्र पाहिला. घड्याळाच्या प्रसंगाला तो इतरांसारखाच हसला. पण या ताटाच्या प्रसंगाला मात्र म्हणाला, “काका, हे तर आमच्या रूमवरचंच चाललंय,” आणि मग मेसचा एक डबा दोघांत कसा पुरवायचा, भाजी कुणी आधी घ्यायची, याचे नियम त्याने आम्हाला तपशीलवार सांगितले, ज्यातला एक शब्दही त्याने तोवर आपल्या आईच्या कानावर घातलेला नव्हता.

चित्रपटाचा आरंभही असाच चतुर आहे. पहिल्या दृश्यात लॉइड गजांआड उभा दिसतो, पलीकडे आई आणि प्रेयसी रडत आहेत, मागे फासाचा दोर लोंबतो आहे आणि गंभीर चेहऱ्याचा पाद्री येऊन पोहोचतो. आता याला फाशी देणार, असे आपण धरून चालतो. मग कॅमेऱ्याची जागा बदलते आणि कळते, की हे रेल्वेचे स्थानक आहे, गज म्हणजे फलाटाचे कुंपण आहे आणि फासासारखे दिसणारे ते कडे धावत्या गाडीतल्या कर्मचाऱ्यांना न थांबता लेखी आदेश उचलून घेता यावेत म्हणून उभारलेले आहे. आपल्या डोळ्यांना एवढ्या सहज फसवता येते, हे दिग्दर्शक फ्रेड न्यूमायर आणि सॅम टेलर पहिल्याच मिनिटाला सांगून ठेवतात. शेवटच्या चढाईत नेमकी हीच फसवणूक त्यांनी कितीतरी मोठ्या प्रमाणावर केली आहे.

दुकानातले प्रसंगही वेगाने पाहून सोडून देण्यासारखे नाहीत. सवलतीच्या विक्रीच्या दिवशी कापडाच्या गठ्ठ्यावर बायकांची झुंबड उडते, लॉइड मध्ये अक्षरशः ओढला जातो, त्याचा कोट फाटतो आणि अंगावर कोट नाही म्हणून वरून त्यालाच साहेबांची बोलणी खावी लागतात. दिवाळीच्या तोंडावर गंजगोलाईत साड्यांच्या काउंटरमागे ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. दुकानावर नजर ठेवणारा तो ताठ मिशांचा साहेब हा चित्रपटातला खरा खलनायक म्हणावा लागेल. पुढे चढाईत येणारा पोलीस त्यामानाने बिचारा आहे.

आता चढाईकडे येतो. दुकानाकडे गर्दी खेचून आणणारी कल्पना सुचवणाऱ्याला हजार डॉलर देऊ, असे व्यवस्थापक बोलताना लॉइडच्या कानावर पडते. त्याचा मित्र उंच इमारतींवर हातापायांनी चढण्यात पटाईत असतो, म्हणून पैसे निम्मेनिम्मे वाटून घेण्याच्या बोलीवर तो मित्राची चढाई ठरवतो. पण ऐन वेळी मित्राच्या मागे पोलीस लागतो. तेव्हा ठरते असे, की पहिला मजला लॉइडने चढायचा, तिथल्या खिडकीत मित्र येईल आणि पुढे तो चढेल. लॉइड पहिल्या मजल्यावर पोहोचतो, मित्र खिडकीतून डोकावतो, मागून पोलीस येतो आणि मित्र सांगतो, की आणखी एकच मजला चढ, तोवर याला चुकवून येतो. पुढे प्रत्येक मजल्यावर हेच घडते. तहसील कार्यालयात ‘उद्या या’ ऐकत महिना काढलेल्या माणसाला या चढाईचे मर्म पुस्तकी चित्रपट-समीक्षकापेक्षा लवकर कळते. मजल्यागणिक नवे विघ्न येते: डोक्यावर दाणे सांडल्याने कबुतरे अंगावर बसतात, वरून पडलेल्या टेनिसच्या जाळीत तो गुरफटतो, रंगाऱ्यांची फळी आडवी येते, घड्याळाचा काटा त्याच्या भाराने खाली येतो आणि पाठोपाठ सबंध तबकडीच भिंतीतून निखळून बाहेर झुकते. एवढ्यावर भागत नाही म्हणून विजारीत उंदीर शिरतो आणि अगदी गच्चीवर पोहोचल्यावर वाऱ्याचा वेग मोजणारे फिरते यंत्र डोक्यात बसते.

हे सारे चित्रित कसे केले, याचे उत्तर या आवृत्तीतल्या ‘लोकेशन्स अँड इफेक्ट्स’ या माहितीपटात आहे, आणि एवढ्या एका माहितीपटासाठीसुद्धा ही डिस्क घ्यावी असे मी म्हणेन. लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीतल्या खऱ्या इमारतींच्या गच्च्यांवर दर्शनी भिंतीचे खोटे तुकडे उभारले गेले. कॅमेऱ्याचा कोन असा ठेवला गेला, की खालची गच्ची चौकटीबाहेर राहावी आणि पलीकडचा खरा रस्ता, खऱ्या ट्राम, खरी माणसे चौकटीत यावीत. चढाई जसजशी वर जाते, तसतशी अधिक उंच इमारतीची गच्ची निवडली गेली, त्यामुळे रस्ता खरोखरच लांब लांब जात असल्याचे दिसते. जुन्या वास्तूंचा शोध घेणारे जॉन बेंगस्टन आणि दृश्यपरिणामांचे जाणकार क्रेग बॅरन यांनी त्या काळची छायाचित्रे आणि चित्रपटातील चौकटी शेजारीशेजारी ठेवून हे समजावले आहे. खाली गाद्या अंथरलेले लाकडी फळ्यांचे व्यासपीठ असे; पण त्याला कठडा नव्हता. एकदा चाचणी म्हणून त्यावर बाहुला टाकून पाहिला, तेव्हा तो उसळून थेट रस्त्यावर गेला, अशी आठवण लॉइड सांगत असे.

गुपित कळल्यावर भीती ओसरेल, असे कुणाला वाटत असेल तर तसे होत नाही, आणि त्याचे एक कारण लॉइडच्या उजव्या हातात आहे. ऑगस्ट १९१९ मध्ये प्रसिद्धीची छायाचित्रे काढताना नाटकातला म्हणून हातात घेतलेला बॉम्ब खराच फुटला आणि लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गेली. काही काळ दृष्टीही गेली होती, ती परत आली. त्यानंतरच्या सगळ्या चित्रपटांत तो त्या हातावर खोट्या बोटांचा, कातडीच्या रंगाचा हातमोजा घालून वावरला, आणि प्रेक्षकांना हे कळू दिले नाही. जुन्या अस्पष्ट प्रतींत हा हातमोजा दिसणे अशक्य होते. या आवृत्तीत घड्याळाच्या काट्यावरची पकड दिसते, तेव्हा उजव्या हाताकडे नीट पाहावे; दोन बोटे नुसतीच काट्यावर टेकलेली आहेत आणि भार उरलेल्या तीन बोटांवर व डाव्या हातावर आहे, हे एकदा ध्यानात आले की ते विसरता येत नाही. अर्थात लॉइडने सगळेच स्वतः केले, हा समज मात्र या निमित्ताने सोडून द्यायला हवा. दुरून घेतलेल्या दृश्यांत बिल स्ट्रॉथर हा खराखुरा इमारतचढ्या आहे, तोच चित्रपटात मित्राच्या भूमिकेतही दिसतो. त्याला इमारतीवर चढताना पाहूनच लॉइडला या चित्रपटाची कल्पना सुचली होती. हार्वी पॅरी या धाडसपटूचाही यात वाटा होता, आणि ते त्याने लॉइडच्या मृत्यूनंतरच उघड केले.

उन्हाळ्यात गच्चीवर पांढरी चादर ताणून, उसन्या आणलेल्या प्रोजेक्टरवर आम्ही हा चित्रपट घरच्यांसह आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसह पाहिला. चित्रपटातल्या पाट्या इंग्रजीत आहेत, म्हणून त्या मोठ्याने मराठीत वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. मूकपटांच्या काळात आपल्याकडे पडद्याशेजारी उभा राहून पाट्यांचा अर्थ सांगणारा माणूस असे. ते काम किती अवघड असावे, याचा अंदाज मला त्या रात्री आला. मात्र चढाई सुरू झाल्यावर माझी गरजच उरली नाही. शेजारच्या आजी चष्मा पुसत पुढे सरकून बसल्या आणि तबकडी निखळताच “आगं माय, पडलं की लेकरू!” म्हणून ओरडल्या. त्यानंतर त्यांनी शेवटपर्यंत त्या पोलिसाला शिव्या घातल्या, मित्राला वर येऊ देत नाही म्हणून. शंभर वर्षांपूर्वीचा चित्रपट आहे, हे मुलांना आधी सांगण्याची चूक कुणी करू नये. मुले पहिल्या दहा मिनिटांत कुरकुरतात, उंदीर विजारीत शिरेपर्यंत मात्र ती पुरती गुंतलेली असतात.

चित्राच्या दर्जाबद्दल थोडेच लिहितो, कारण तक्रारीला जागा नाही. ही प्रत टू-के दर्जाच्या, म्हणजे सुमारे दोन हजार बिंदू रुंदीच्या, डिजिटल दुरुस्तीतून तयार झाली आहे. करड्या रंगाच्या छटा शाबूत आहेत, कापडाचा पोत दिसतो, दूरच्या रस्त्यावरची माणसे ओळखू येतात, आणि चढाईच्या प्रसंगात हीच स्पष्टता पोटात गोळा आणते. १९२३ सालच्या चित्रपटांवरील अमेरिकेतील स्वामित्वहक्क १ जानेवारी २०१९ पासून संपले असल्यामुळे इंटरनेटवर या चित्रपटाच्या फुकट प्रती भरपूर सापडतात. त्यांतल्या बहुतेक कडा कापलेल्या, धुरकट आणि कुठलेतरी पियानोचे तुकडे चिकटवलेल्या असतात. फुकटातली प्रत पाहून ‘मूकपट कंटाळवाणे असतात’ असे मत बनवणाऱ्यांनी दोन्ही प्रतींतला ताटाचा प्रसंग पाहावा आणि मग बोलावे.

संगीताचे दोन पर्याय आहेत. पहिले कार्ल डेव्हिस यांनी १९८९ मध्ये वाद्यवृंदासाठी रचलेले, आणि दुसरे गेलॉर्ड कार्टर यांचे ऑर्गनवरचे, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातले. कार्टर हे मूकपटांच्या काळात प्रत्यक्ष चित्रपटगृहात ऑर्गन वाजवत असत, त्यामुळे त्यांच्या वादनाला त्या काळाचा अस्सल वास आहे. पण एकच वाद्य सव्वा तास ऐकण्याची सवय आपल्या कानांना नाही. डेव्हिस यांचे संगीत प्रसंगाच्या पुढे न धावता त्याच्या हातात हात घालून चालते. विशेषतः चढाईत ते हसू आणि भीती यांच्यातला तोल कुठेही ढळू देत नाही. घरच्यांसह पाहायचे असेल तर डेव्हिस निवडावे, आणि दुसऱ्यांदा एकट्याने पाहताना कार्टर.

याखेरीज समीक्षक लेनर्ड माल्टिन आणि दिग्दर्शक रिचर्ड कॉरेल यांचे चित्रपट चालू असताना ऐकता येणारे भाष्य आहे, लॉइडची नात सुझन लॉइड यांचे प्रास्ताविक आहे आणि तीन जुने लघुपट आहेत. ‘टेक अ चान्स’, ‘यंग मिस्टर जॅझ’ आणि ‘हिज रॉयल स्लायनेस’ हे ते लघुपट १९१८ ते १९२० या काळातले आहेत. त्यांत चष्मा आलेला आहे, पण माणूस अजून घडतो आहे. धावपळ आणि लाथाबुक्क्या जास्त, मन कमी. आधी ‘लोन्सम ल्यूक’ या नावाने लॉइडने चॅप्लिनच्या उलट तोकड्या, घट्ट कपड्यांचे पात्र केले होते आणि ते चालत असतानाही नक्कल नको म्हणून १९१७ मध्ये सोडून दिले. भिंगे नसलेला तो चष्मा घातल्यावर तो इतर कुणासारखाही दिसू लागला, आणि हेच त्याचे बलस्थान ठरले. विदूषकाचा वेश नाही, रंगवलेला चेहरा नाही. सुपरमॅनच्या निर्मात्यांनी क्लार्क केंटचा, म्हणजे सुपरमॅनच्या साध्या माणसाच्या रूपाचा, चष्मा रंगवताना लॉइड डोळ्यांपुढे ठेवला होता, आणि जपानमध्ये गोल चौकटीच्या चष्म्याला आजही त्याच्या नावाने ओळखतात.

मग हा माणूस इतका मागे का पडला, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर केव्हिन ब्राउनलो व डेव्हिड गिल यांच्या १९८९ सालच्या ‘द थर्ड जीनियस’ या दोन भागांच्या माहितीपटात मिळते. हा माहितीपट पूर्णपणे या आवृत्तीत दिलेला आहे आणि तो पावणेदोन तासांहून अधिक लांबीचा आहे. १९२० च्या दशकात लॉइडने चॅप्लिनपेक्षा कितीतरी अधिक चित्रपट केले आणि एकूण गल्ल्यातही त्याला मागे टाकले. १९२४ पासून तो स्वतःच आपल्या चित्रपटांचा निर्माता आणि मालक होता. हीच मालकी पुढे त्याच्या कीर्तीला नडली. दूरचित्रवाणी आली तेव्हा तुकडे करून, जाहिराती घुसवून, चुकीच्या वेगाने आपले चित्रपट दाखवले जाणे त्याला मान्य नव्हते. त्याने अटी कडक ठेवल्या आणि किंमत भारी सांगितली. परिणामी ज्या काळात नव्या पिढीने चॅप्लिन आणि कीटन पुन्हा शोधले, त्या काळात लॉइडचे चित्रपट कपाटात राहिले. कपाटातही सगळे वाचले नाहीत: १९४३ मध्ये त्याच्या बंगल्याच्या आवारातील फिल्मच्या कोठारात आग लागली आणि सुरुवातीच्या अनेक चित्रपटांच्या प्रती जळाल्या. १९५३ मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळाला, १९६२ मध्ये त्याने आपल्याच प्रसंगांचे संकलन करून चित्रपटगृहांत दाखवले, आणि ८ मार्च १९७१ रोजी तो वारला. त्याचा निर्णय चुकला, असे सरसकट म्हणणे मला जमत नाही. आपल्या कामाची विटंबना नको म्हणणाऱ्या कलावंताला दोष देणे सोपे आहे; पण आज ही स्वच्छ, सलग, पूर्ण लांबीची प्रत आपल्या हाती येते, त्यात त्या हट्टाचाही वाटा आहे.

आपल्या भागात तर त्याची ओळख जवळपास नाहीच. मूकपट म्हटले की चॅप्लिन, एवढे समीकरण पक्के आहे. चॅप्लिनची टोपी आणि काठी शाळांच्या स्नेहसंमेलनांतही दिसते, लॉइडचा चष्मा कुणी लावत नाही. हाँगकाँगच्या जॅकी चॅनने १९८३ च्या ‘प्रोजेक्ट ए’मध्ये घड्याळाच्या मनोऱ्यावरून घेतलेली उडी आमच्याकडे व्हिडिओ पार्लरच्या काळात पाहिलेली पुष्कळ माणसे भेटतील, ती लॉइडला दिलेली मानवंदना होती, हे मात्र त्यांना सांगावे लागते. छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळच्या नावाने चित्रपट महोत्सव भरू लागला आहे, त्याच्या आयोजकांनी कधी वाद्यवृंदासह एखादा लॉइड दाखवला तर मी लातूरहून पहिल्या गाडीने जाईन.

उणिवाही सांगायला हव्यात. चित्रपटातला सराफ हा ज्यू माणसांविषयीच्या त्या काळच्या ठरीव कल्पनेतून रेखाटलेला आहे, हात चोळणारा आणि लोभी. मुलांबरोबर पाहताना दोन शब्द बोलावे लागतात. भाष्य रंजक आहे, पण ते चाहत्यांचे भाष्य आहे. लॉइडचे काही चुकले, असे त्यात फारसे ऐकू येत नाही. स्त्री-पात्राच्या वाट्याला हसणे आणि काळजी करणे याखेरीज काही आलेले नाही, याबद्दलही कुणी बोलत नाही, आणि ती भूमिका करणारी मिल्ड्रेड डेव्हिस हिने त्याच वर्षी लॉइडशी लग्न केल्यावर पडद्यावरून जवळपास माघार घेतली, हे लक्षात घेता तो मुद्दा यायला हवा होता. मराठी किंवा हिंदी उपशीर्षकांची अपेक्षा अर्थातच ठेवता येत नाही.

खरेदीपूर्वी तांत्रिक बाब तपासून घ्यावी. डिस्कसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत; ही अमेरिकी ब्लू-रे ‘ए’ विभागासाठी आहे आणि भारत ‘सी’ विभागात मोडतो. त्यामुळे येथे विकत घेतलेल्या साध्या प्लेअरवर ती चालणार नाही. सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर किंवा तशी सोय असलेला संगणक हवा. डीव्हीडीबाबतही तीच अडचण आहे, विभागांचे आकडे तेवढे वेगळे. छापील किंमत ३९.९५ डॉलर आहे आणि त्यावर टपाल व सीमाशुल्क येते, म्हणजे एकट्याच्या खिशाला ती जडच वाटेल. चार मित्रांनी वर्गणी काढून घ्यावी, किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने ती घेऊन पत्रकारिता आणि नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दाखवावी, हे अधिक व्यवहार्य आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याने भाष्य आणि माहितीपट बाजूला ठेवून आधी नुसता चित्रपट पाहावा. ‘लोकेशन्स अँड इफेक्ट्स’ दुसऱ्या दिवशी पाहावा, ‘द थर्ड जीनियस’ सुटीच्या दिवशी, आणि लघुपट सर्वांत शेवटी. लॉइडची गोडी लागलीच, तर याच प्रकाशनाने २०१९ मध्ये काढलेला ‘द किड ब्रदर’ पुढचा घ्यावा. त्यात इमारत नाही, घड्याळ नाही, खेड्यातल्या एका घरातला दुर्लक्षित धाकटा मुलगा आहे, आणि माझ्या मते तो ‘सेफ्टी लास्ट!’पेक्षाही सरस आहे.